जामीन म्हणजे सुटका नव्हे

वर्तमानपत्रात वर्षातून अनेकदा एकाच वळणाच्या दोन बातम्या येतात. पहिली मोठ्या अक्षरांत असते. कोठेतरी खून पडलेला असतो, कोणी पकडला गेलेला असतो, आणि त्याच्या कृत्याचे वर्णन वाचून अंगावर काटा उभा राहतो. दुसरी बातमी काही महिन्यांनी, आतल्या पानावर, चार ओळींत येते : त्याच आरोपीस न्यायालयाने जामीन मंजूर केला. ही दुसरी बातमी वाचताच घरोघरी, बाजारात आणि आमच्या शाळेच्या व्हरांड्यातही एकच उद्गार निघतो : "सुटला!" त्यापाठोपाठ न्याय विकला गेला, कायदा धनिकांचा झाला, असे निर्णयही आपण देऊन मोकळे होतो. न्यायाधीशाने ज्या प्रश्नाचे उत्तर वर्षानुवर्षे साक्षीपुरावा ऐकून द्यावयाचे, त्याचे उत्तर आपण चहाचा पेला रिकामा होण्यापूर्वीच देतो.

हा उद्गार चुकीचा आहे, एवढेच आम्हांस सांगावयाचे नाही. तो समाजाच्या हिताला घातक आहे, असे आमचे मत आहे. आणि उद्याचे नागरिक म्हणून या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने या प्रश्नाचा विचार एकदा तरी शांत चित्ताने करावा, यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करू. जामीन म्हणजे निर्दोषतेचा निकाल नव्हे, क्षमा नव्हे, शिक्षेतील सूटही नव्हे. खटल्याच्या वेळी आरोपी न्यायालयापुढे हजर राहील, या हमीवर त्याला निकाल लागेपर्यंत कारागृहाबाहेर राहू देणे, एवढाच त्याचा अर्थ. खटला चालू राहतो, साक्षीदार येतात, पुरावा तपासला जातो आणि अपराध सिद्ध झाला तर जामिनावर असलेला मनुष्य तुरुंगात जातो. म्हणून जामिनाच्या अर्जावर न्यायाधीश मुख्यतः भूतकाळाकडे पाहत नसून भविष्याकडे पाहत असतो. याने गुन्हा केला काय, हा प्रश्न खटल्याचा. याला मोकळे ठेवले तर हा काय करील, हा प्रश्न जामिनाचा.

हा भेद आपल्या महाराष्ट्रीय इतिहासातील एका प्रसिद्ध उदाहरणाने जितका स्पष्ट होतो, तितका तो कायद्याच्या ग्रंथानेही होणार नाही. १८९७ साली जुलै महिन्यात लोकमान्य टिळकांना 'केसरी'तील लेखनाबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. त्या काळी या अपराधास काळ्या पाण्यापर्यंत शिक्षा होऊ शकत असे. म्हणजे आरोप गंभीरच होता. दंडाधिकाऱ्यांनी जामीन नाकारला. मुंबई उच्च न्यायालयातही पहिला प्रयत्न फळास आला नाही. पुढे खटला उच्च न्यायालयाकडे सोपविला गेल्यावर न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे पुन्हा अर्ज झाला. टिळकांची बाजू बॅरिस्टर दिनशा दावर यांनी मांडली. तय्यबजींचा विचार सरळ होता. आरोपी खटल्यास हजर राहील की नाही, हा मुख्य प्रश्न; टिळकांसारखा मनुष्य पळून जाईल असे मानण्यास आधार नाही; आणि तुरुंगात डांबून ठेवलेला आरोपी उद्या निर्दोष ठरला, तर न्यायाचा हेतूच विफल झाला असे होणार नाही काय? त्यांनी जामीन मंजूर केला. टिळक बाहेर आले, त्यांनी बचावाची तयारी केली, ठरल्या दिवशी न्यायालयात उभे राहिले आणि सप्टेंबरमध्ये अठरा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा ऐकून तुरुंगात गेले. जामिनामुळे सरकारचे काही बिघडले नाही आणि जामीन मिळाला म्हणून टिळक सुटलेही नाहीत.

अकरा वर्षे गेली. १९०८ साली जून महिन्यात टिळकांना पुन्हा राजद्रोहाच्याच आरोपाखाली अटक झाली. न्यायालय तेच, आरोपी तोच. या वेळी जामिनाचा अर्ज बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी केला आणि तय्यबजींच्या निर्णयाचा आधार घेतला. न्यायासनावर होते न्यायमूर्ती दिनशा दावर, म्हणजे १८९७ साली याच मनुष्याच्या जामिनासाठी झगडलेले वकील! दावरांनी अर्ज फेटाळला. आणि आपल्या मनात कोणत्या गोष्टींचे वजन पडले, हे सांगण्याचेही त्यांनी टाळले. टिळकांना आपल्या बचावाची तयारी तुरुंगातून करावी लागली. ज्यूरीच्या सात विरुद्ध दोन अशा मताने ते दोषी ठरले आणि सहा वर्षांच्या शिक्षेवर मंडालेस गेले.

न्यायमूर्ती दावर यांच्या हेतूबद्दल आम्हांस येथे काही म्हणावयाचे नाही. परिस्थिती बदलली होती, बॉम्बस्फोटाच्या घटनेने वातावरण तापले होते आणि जामिनाच्या वेळी अधिक बोलल्यास खटल्यावर परिणाम होईल, ही शंकाही सर्वथा निराधार म्हणता येणार नाही. परंतु दोन्ही निर्णय शेजारी ठेवले असता एक गोष्ट डोळ्यांत भरते. तय्यबजींचा निर्णय आज सव्वाशे वर्षांनंतरही आपण तपासू शकतो, पटला तर मान्य करू शकतो, न पटला तर खोडूही शकतो. कारण त्यांनी आपली कारणे सांगितली. दावरांच्या निर्णयाशी वादही घालता येत नाही, कारण तेथे कारणेच नाहीत. सत्तेचा वापर आणि न्यायदान यांत फरक असलाच तर तो येथेच आहे, असे आम्हांस वाटते.

आता आजच्या कायद्याकडे वळू. १ जुलै २०२४ पासून आपल्या देशात जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. जामिनाविषयीची मूळ चौकट मात्र फारशी बदललेली नाही. अपराधांचे जामीनपात्र आणि अजामीनपात्र असे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. दुसऱ्या वर्गाच्या नावावरून पुष्कळांचा असा समज होतो, की तेथे जामीन मिळतच नाही. तसे नाही. तेथे जामीन हक्काने मागता येत नाही. तो देणे न देणे न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असते. ज्या अपराधास मृत्युदंड वा जन्मठेप होऊ शकते, तो आरोपीने केला असे मानण्यास सयुक्तिक आधार दिसत असेल, तर सामान्यतः दंडाधिकाऱ्यास त्यास सोडता येत नाही. अल्पवयीन, स्त्रिया, आजारी आणि दुर्बल यांच्यापुरता अपवाद आहे. सत्र न्यायालयाचे आणि उच्च न्यायालयाचे अधिकार मात्र विस्तृत आहेत. खुनासारख्या खटल्यातील जामिनाचे अर्ज बहुधा तेथेच लढविले जातात.

या विवेकाचा वापर न्यायाधीश लहरीप्रमाणे करीत नाही. आरोपास सकृद्दर्शनी कितपत आधार आहे, अपराध सिद्ध झाल्यास शिक्षा किती कठोर होईल, आरोपी फरारी होण्याचा संभव आहे काय, तो साक्षीदारांना धमकावील वा पुरावा नष्ट करील काय, पुन्हा तसाच गुन्हा करील काय, त्याचे पूर्वचरित्र कसे आहे, त्याची प्रकृती कशी आहे, तो किती काळ तुरुंगात आहे आणि खटला संपण्यास आणखी किती काळ लागेल, अशा अनेक गोष्टी तागडीत घालाव्या लागतात. गुन्ह्याचे गांभीर्य हे त्यांतील एक वजन आहे, संपूर्ण तागडी नव्हे. ज्याच्या डोक्यावर जन्मठेपेची तलवार लटकत आहे, त्यास पळून जाण्याचा मोह अधिक, म्हणून गांभीर्याला महत्त्व. लोक संतापले आहेत म्हणून नव्हे.

१९७७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेली दोन प्रकरणे या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहेत. दोहोंतही विषय मनुष्यवधाचाच होता. पहिले प्रकरण आंध्र प्रदेशातील. सत्र न्यायालयाने निर्दोष सोडलेल्या आरोपींना उच्च न्यायालयाने दोषी ठरविले होते आणि त्यांचे अपील सर्वोच्च न्यायालयात पडून होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यांना जामीन दिला. पण आपल्या गावात पाऊल ठेवावयाचे नाही आणि पोलीस ठाण्यात हजेरी द्यावयाची, अशा अटी घातल्या. दुसरे प्रकरण दिल्लीचे. तेथे एका दरोडेखोराला ठार मारल्याचा आरोप पोलीस अधिकाऱ्यांवरच होता आणि अनेक साक्षीदार त्याच खात्यातील होते. सत्र न्यायाधीशांनी जामीन दिला, उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करणे योग्य ठरविले. आरोप तितकाच गंभीर, न्यायालय तेच, वर्षही तेच. मग निर्णय भिन्न का? कारण एका ठिकाणी साक्षीदारांवरील धोका अटी घालून दूर करता येत होता, तर दुसऱ्या ठिकाणी आरोपीच्या अधिकाराची सावलीच साक्षीदारावर पडत होती. विवेक म्हणतात तो यालाच.

येथे कोणी विचारील, आणि विचारावेच, की ज्या घरातील कर्ता पुरुष मारला गेला, ज्या मुलीवर अत्याचार झाला, तिच्या भीतीचे काय? आरोपी त्याच गल्लीत राजरोस फिरू लागला, तर तिची आई न्यायालयाच्या पायऱ्या कोणत्या धैर्याने चढेल? या प्रश्नाची टर उडविणाऱ्यांपैकी आम्ही नाही. साक्षीदार भ्याला तर खटलाच मेला. म्हणूनच आरोपी धमकी देण्याचा खराखुरा संभव असेल, तर जामीन नाकारणे न्याय्यच होय; आणि दिलेल्या जामिनाचा दुरुपयोग झाला, तर तो रद्द करून आरोपीस पुन्हा अटकेत घेण्याची सोय कायद्यात आहे. पण भीती म्हणजे पुराव्याने दाखविलेला धोका. केवळ राग नव्हे. फिर्यादीच्या दुःखाचे परिमार्जन निकालाने व्हावयाचे असते. जामीन नाकारून ते करू पाहणे म्हणजे औषधाच्या जागी चाबूक वापरण्यासारखे आहे. आणि तो चाबूक कधी कधी भलत्याच्याच पाठीवर बसतो.

कित्येक विशेष कायद्यांत तर हे तागडीचे पारडे जन्मतःच एका बाजूस झुकलेले असते. दहशतवादी कृत्यांविरुद्धच्या कायद्यात आरोप सकृद्दर्शनी खरा दिसत असेल, तर जामीन देऊ नये असे बंधन आहे. अमली पदार्थांच्या कायद्यात, माल मोठ्या परिमाणात सापडला असता, आरोपी दोषी नसावा असे मानण्यास आधार आहे अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी कठोर कायदे हवेत, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु कायदा कठोर आणि खटला मंद, असा संयोग झाला की काय होते? केरळात एका प्राध्यापकाचा हात तोडण्याचे क्रूर कृत्य २०१० साली घडले. त्या प्रकरणातील एक आरोपी पुष्कळ काळ फरारी होता. पकडला गेल्यावर तो पाच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला आणि तरीही २७६ साक्षीदार तपासावयाचे शिल्लक होते. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यास मिळालेला जामीन कायम ठेवला. खटला रास्त मुदतीत संपण्याची आशा नसेल, तर संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदाने दिलेले व्यक्तिस्वातंत्र्य विशेष कायद्याच्या बंधनापुढे लोपत नाही, हे त्यातील तत्त्व. आरोपीविषयी मनात कणभरही सहानुभूती न बाळगता हे तत्त्व मान्य करता येते, आणि तसे ते मान्य करता येणे, यातच आपली परीक्षा आहे.

याच कारणास्तव तपासाच्या दिरंगाईलाही कायद्याने मर्यादा घातली आहे. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या अपराधात सामान्यतः ९० दिवसांत आणि इतर अपराधांत ६० दिवसांत तपास पुरा झाला नाही, तर जामीन देण्यास तयार असलेल्या आरोपीस मुक्त होण्याचा हक्क प्राप्त होतो. अशा वेळी "आरोपी सुटला" म्हणून न्यायाधीशास दोष देण्याऐवजी मुदतीत काम का झाले नाही, असे तपास करणारास विचारणे अधिक उचित नव्हे काय?

आता या प्रश्नाच्या ज्या अंगाकडे सर्वांत कमी लक्ष जाते, त्याकडे वळतो. जामीन मंजूर होणे आणि तुरुंगाचे दार उघडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्य प्रदेशातील एका गवंड्यास सर्वोच्च न्यायालयाने जामीन मंजूर केला. दंडाधिकाऱ्यांनी १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला. गवंड्याचा भाऊ जामीन राहण्यास पुढे आला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला गेला. प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या गवंड्यास १,००० रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला आणि परक्या प्रांतात, परक्या भाषेच्या मुलखात पकडल्या गेलेल्या भारतीयाने तेथील जमीनमालक जामीनदार आणावा तरी कोठून, असा सवाल केला.

हा सवाल आमच्यासारख्या, महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी माणसांच्या काळजाला भिडणारा आहे. आमचे सोयरेधायरे सीमेच्या पलीकडे. मामाची शेती एका राज्यात, काकांचे घर दुसऱ्या राज्यात. अडचणीच्या दिवशी धावून येणारा मनुष्य बहुधा पलीकडचाच असतो आणि त्याच्या हातातील जमिनीचा उतारा असतो दुसऱ्या राज्याचा. आणि आम्ही तरी येथे स्थिरावलेले. आमच्या गावांत बांधकामावर, ऊसतोडीवर, हॉटेलांत राबणाऱ्या परप्रांतीय मजुराचा विचार करा. त्याला ना येथे घर, ना ओळख, ना भाषा. दोघांवर एकच आरोप असला, तर सधनाचा जामीन त्याच संध्याकाळी भरला जातो आणि मजुराचा मंजूर झालेला जामीन कागदावरच राहतो. मग "कायदा धनिकांचा" हा उद्गार खरा ठरतो. पण तो जामीन दिल्यामुळे नव्हे, तर दिलेला जामीन गरिबाच्या हाती न पोचल्यामुळे.

१९७९ साली बिहारमधील तुरुंगांत असे कच्चे कैदी आढळले, की त्यांच्यावरील आरोप सिद्ध झाला असता तरी जेवढी शिक्षा झाली नसती, तेवढा काळ ते खटल्यावाचून आत होते. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने त्वरित खटला हा मूलभूत हक्क ठरविला. त्याला चार दशकांहून अधिक काळ लोटला. तरीही २०२२ च्या अखेरीस देशातील सुमारे ५ लाख ७३ हजार बंदिजनांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार जण कच्चे कैदी होते. दर चार बंदिजनांत तिघे असे, की ज्यांच्या अपराधाचा निर्णयच झालेला नाही! यांतील सर्व निर्दोष आहेत असे आम्ही म्हणत नाही. सर्व दोषी आहेत असेही कोणास म्हणता येणार नाही. आणि जो उद्या निर्दोष ठरेल, त्याची गेलेली वर्षे परत करण्याची शक्ती कोणत्याही न्यायालयात नाही.

यास्तव आमचे म्हणणे थोडक्यात असे. गंभीर गुन्ह्यात जामीन सरसकट द्यावा, असा आमचा आग्रह नाही. जेथे आरोपी पळण्याचा, साक्षीदारांवर दडपण आणण्याचा किंवा पुन्हा रक्त सांडण्याचा धोका पुराव्याने दिसतो, तेथे तो अवश्य नाकारावा. पण नाकारताना वा देताना थोडक्यात तरी कारणे सांगावीत. नाकारला तर खटला वेगाने चालवावा. कारण निकालाविना लांबलेली कोठडी ही नावाने प्रतिबंध असली, तरी परिणामी शिक्षाच होय. आणि मंजूर केला तर जामिनाची अट माणसाची ऐपत पाहून ठरवावी, जेणेकरून एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाणार नाही.

आणि आमच्या विद्यार्थिमित्रांनो, आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. पुढच्या वेळी ती चार ओळींची बातमी वाचाल, तेव्हा "सुटला" म्हणण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा : न्यायालयाने कारण काय दिले? आणि खटला केव्हा सुरू होणार? पहिल्या प्रश्नाने न्यायाधीश जबाबदार राहील, दुसऱ्याने शासन. १८९७ च्या ऑगस्टमध्ये टिळक जामिनावर बाहेर आले, तेव्हा त्यांच्या विरोधकांपैकी कित्येकांना तो अन्यायच वाटला असेल. आज आपल्याला त्यात न्याय दिसतो, कारण आरोपी आपला आहे. ज्या दिवशी आरोपी आपला नसतानाही आपल्याला तीच मोजपट्टी लावता येईल, त्या दिवशी आपण नागरिकशास्त्राचा धडा खऱ्या अर्थाने शिकलो, असे म्हणण्यास हरकत नाही.